पुलावर थांबलेला घोडेस्वार

५ जानेवारी

लिहायचं, लिहायचं म्हणत किती दिवस गेले! वही उघडली की काहीतरी आडवं येतं. काल मांजर, परवा कालव्यातली वाळूची बोट. आज लिहितेच.

वूशीला ताईकडे निघालेली मी. यांगचौला बस बदलायला उतरले, पुढच्या बसला वेळ होता म्हणून कालव्याकाठच्या चहाघरात शिरले. ती मी अजून इथेच! कप विसळते, माळ्यावर झोपते, दुपारी रोंगबाईंची कथा ऐकते.

सत्तरीच्या बाई. पुढ्यात टेबल, घडीचा पंखा, आपटायचा लाकडी ठोकळा, बस. कथेत एका निरपराध कारकुनाचं मुंडकं उडणार आहे. माफीचा हुकूम घेऊन घोडेस्वार निघालाय. पुलावर आला आणि घोड्याचा नाल निखळला. झालं! तेव्हापासून पुलावरच.

७ जानेवारी

आता कळलं. मालक थोंगशेठनी जागा रश्शाच्या हॉटेलवाल्यांना कबूल केलीय. पण त्यांच्या आजोबांनी घालून दिलेली रीत — चालू कथा संपल्याशिवाय सांगणाऱ्याला उठवायचं नाही. पळवाट एकच: एखाद्या दुपारी आत ऐकणारं कुणीच नसलं, तर कथा संपली असं धरायचं.

म्हणून बाई त्या घोड्याला पूल उतरू देत नाहीत!

बोटीवरून निवृत्त झालेले फू काका म्हणाले, "हुकूम पोचला की आपण सगळे रस्त्यावर. तुला काय, तू रस्त्यावरचीच."

८ जानेवारी

आज कथेत पुलाखाली लाल छत्री. नुसती उघडी. "छत्रीकडे लक्ष ठेवा," म्हणून बाई कथा घेऊन लोहाराच्या घरात शिरल्या. फू काका: मारेकरी आहे खाली! शिंपीणबाई: मेल्या, कारकुनाची बायको आहे ती! भांडण. एक कप फुटला.

११ जानेवारी

छत्रीखाली मुळा होता. लोहाराच्या बायकोने वाळत घातलेल्या मुळ्याच्या फोडी!

"फसवलंत, बाई!" सगळे ओरडले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी थक्क. फसल्याचा इतका आनंद? आणि त्या मुळ्याचा वास मला अजून येतोय.

कप विसळताना विचारलं, "आधीच ठरलं होतं का, खाली काय आहे ते?"

"छे ग. तुम्ही भांडत होतात, मी ऐकत होते."

रात्रभर तेच डोक्यात. जोवर आम्ही छत्री बघत होतो, तोवर त्या कारकुनाचं मुंडकं धडावर होतं.

१४ जानेवारी

ताईचा फोन. "आयुष्यात एकदा तरी नाकासमोर चालून दाखव! तुझ्या दाजींनी चष्म्याच्या कारखान्यात शब्द टाकलाय. परवा सकाळी हजर नसलीस, तर माझं दार विसर."

उद्याचं चारच्या गाडीचं तिकीट काढलं.

१५ जानेवारी, दुपारी

गोठता पाऊस. रस्ता काचेसारखा. कुणी आलं नाही. फू काका फोनवर रडवेले — "पायरीवरच आपटलो ग. तू आहेस ना तिथे?"

मी आहे. एकटी. थोंगशेठ कुलूप घेऊन बाहेर वळचणीला उभे. कुडकुडतायत, पण उंबरा ओलांडत नाहीत. आत आले तर तेही ऐकणारे ठरतील! "पोरी, गाडी चुकेल हं," तिथूनच सांगितलं. माझ्यासाठी टॅक्सीसुद्धा थांबवलीय. वाईट माणूस नाही. जाऊ कशी?

बाई भरल्या सभेला सांगावं तसं मला एकटीला सांगतायत. लोहार नाल तापवतोय. भाता ओढला, निखारे फुलले — आणि भट्टीत खाली भलतंच काहीतरी चमकलं. लोहाराचा चेहराच उतरला. घाईघाईने वर राख लोटली. घोडेस्वाराने विचारलं, "काय रे ते?"

बाईंनी ठोकळा उचलला आणि तसाच हवेत धरला.

माझ्याकडे बघतच नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. अरे देवा — हे सगळं मला सांगत नव्हत्याच!

त्याच दिवशी, पावणेचार

थोंगशेठ आत आलेत. पुढच्या बाकावर बसलेत, मांडीवर कुलूप. "बाई, काय होतं भट्टीत?"