नवा डबा पुढच्या महिन्यात

२ जानेवारी. सकाळी ९.

नव्या वर्षाचा संकल्प एकच. बाबांची फिल्म या वर्षी पुरी करायची म्हणजे करायचीच.

सव्वा वर्ष झालं, बाबांच्या गावी हू-वेइच्या देवळासमोर बाबांच्या मंडळीचा शेवटचा खेळ झाला. हातात घालून नाचवायच्या बाहुल्यांचा. तीन दिवस, चौदा तास. सगळा मी कॅमेऱ्यात घेतला. बाबा आता ऐंशीचे. साठ वर्षं स्टेजच्या मागे उभं राहून, हात वर करून बाहुल्या खेळवल्या. समोरून तो खेळ कसा दिसतो हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. म्हणाले, की समोरून देवानं पाहिलं, गावानं पाहिलं, आता एकदा मला पाहू दे. मी म्हटलं, बाबा, अशी फिल्म करतो की बघत राहाल.

अडचण माझी नाही, कॉम्प्युटरची आहे. नऊ वर्षांचा म्हातारा. एक मिनिटाचं दृश्य कापायला सांगितलं की पंखा घरघरतो आणि खालच्या मजल्यावरून माझी बायको सू-लान विचारते, की कोण घोरतंय. आपल्याला हवा तो छोटा डबा. हातावर मावणारा कॉम्प्युटर, स्क्रीनशिवाय मिळतो, ताकद राक्षसाची. पण त्याचं मागचं मॉडेल तीन वर्षांपूर्वीचं. नवं कधीच यायला हवं होतं. म्हणजे आता कुठल्याही क्षणी येणार. साधं गणित आहे. अशा वेळी जुनं मॉडेल घेणारा माणूस मूर्ख.

मार्चमध्ये डबा, एप्रिलमध्ये एडिटिंग, मेमध्ये बाबा समोर बसून बघतायत. लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी. हू-वेइ.

चांद्र नव्या वर्षाला बाबांकडे. बाबांनी जेवताना विचारलं, की आ-छी, फिल्म कुठवर आली? म्हटलं, झालीच, शेवटचं प्रोसेसिंग राहिलंय. हे खोटं नाही. प्रोसेसिंग राहिलेलंच आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंतचं.

नंतर म्हणाले, दारासमोरचा विजेचा खांब वाकलाय, ऑफिसला फोन कर, कुणाच्या डोक्यात पडेल. बाहेर जाऊन पाहिलं. खांब सरळ. आत येऊन सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला.

चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.

५ मार्च

आला नाही. पण न येण्यातही अर्थ असतो. एवढा उशीर करतायत म्हणजे काहीतरी मोठंच करतायत.

सू-लान म्हणाली, दुकानात आहे तेच आण, तुझे बाबा कुठे आतली चिप मोजणार आहेत. बायकोचं खाली नाश्त्याचं दुकान आहे. पहाटेपासून अंड्याची धिरडी तव्यावर घालते, गिऱ्हाइकाला देते, विषय संपला. तिचा माल वीस मिनिटांत जुना होतो. तिला तंत्रज्ञानाचं वेळापत्रक कसं कळणार? मी शांतपणे समजावून सांगितलं, की आज घेतलं आणि उद्या नवं आलं तर काय? ती म्हणाली, उद्या नवा नवरा येईल म्हणून मी थांबले असते तर बरं झालं असतं.

५ एप्रिल

काल पूर्वजांच्या कबरी साफ करायला हू-वेइला. बाबा गवत काढताना बाजूच्या दगडावरच विळा चालवत होते. विळा मी घेतला. संध्याकाळी सू-लान त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मला डब्याच्या एका महत्त्वाच्या बातमीमुळे जाता आलं नाही (बातमी खोटी निघाली).

डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग चाललाय, कडा राहतील. इंजेक्शनं देऊ, पण वेग कमी होतो, थांबत नाही. जे नीट बघायचंय ते हिवाळ्याच्या आत बघून घ्या.

हे ऐकून कॅलेंडर काढलं. हिशेब केला. हिवाळा लांब आहे. डबा जूनमध्ये नक्की.

२१ मे. रात्री.

आज जे कळलं ते सगळ्या जगात अजून कुणाला माहीत नाही.

आत्येभाऊ थ्येन-लू ताओयुआनला खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. फोनवर सहज म्हणाला, की एक मोठी ऑर्डर आलीय. चौकोनी खोकं, पांढरंशुभ्र, कोपरे गोल, झाकण असं बसतं की सावकाश हवा सोडत खाली येतं. नाव छापायचं नाही म्हणे, ते शेवटी येणार. आणि साहेबानं सांगितलंय, कुठे बोलू नका.

मी कागद-पेन ओढलं. आत काय, विचारलं. म्हणाला, आत ट्रे, त्याला सहा गोल खळगे.

सहा! एकेका खळग्यात एकेक केबल गुंडाळून. म्हणजे केबली वाढल्या. म्हणजे मागची भोकं वाढली. संध्याकाळी ब्लॉगवर सविस्तर लेख टाकला. भावाचं नाव अर्थातच घेतलं नाही, 'पुरवठादारांच्या वर्तुळातला एक जाणकार' असं लिहिलं. माझे वाचक एकेचाळीस, पण निवडक.

२७ मे

दुजोरा मिळाला. अमेरिकेतल्या एका वेबसाइटवर लेख: नव्या छोट्या डब्याला सहा केबली, आशियातल्या पुरवठादारांकडून समजते. म्हणजे त्यांचेही लोक इथे आहेत. दोन स्वतंत्र ठिकाणांहून तीच गोष्ट आली की ती बातमी राहत नाही, वस्तुस्थिती होते.

२९ मे

जपानमधूनही दुजोरा. जर्मनीतूनही. जर्मन माणूस उगीच लिहीत नाही.

थ्येन-लूचा फोन. साहेब विचारतोय, ऑर्डरची गोष्ट बाहेर कुणी सांगितली. तो घाबरला होता. मी म्हटलं, घाबरतोस काय, तू इतिहासात गेलास. तो म्हणाला, मला इतिहासात नको, नोकरीत राहायचंय.

११ जून

आला नाही. काल कंपनीचा सोहळा झाला, दोन तास बोलले, डब्याचं नाव नाही. वाचक विचारतायत. उत्तर दिलं, की खोकी आधी बनतात, माल नंतर. ज्याला कारखान्याची माहिती आहे त्याला हे कळतं.

बाबांचा फोन. त्यांनी देवळाच्या कमिटीला सांगून टाकलंय, की मुलगा फिल्म करतोय, सगळ्यांना दाखवू. ढोल-झांजा वाजवणारे त्यांचे जुने सोबती येणार आहेत. त्यातले दोघे बाबांहून थोरले. तारीख विचारत होते. म्हटलं, लवकरच, बाबा, रंग जुळवतोय.

आता जुनं मॉडेल घेता येत नाही. 'जूनमध्ये जुनं घेणाऱ्यांनो, तुमची कीव येते' हा माझाच लेख सगळ्यात जास्त वाचला गेलाय. न घ्यावं तर बाबा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर मी ब्लॉग लिहितोय.

१६ जुलै

मार्ग सापडला. जुना कॉम्प्युटर जर पुरता मेला, तर मी मोकळा. मग नाइलाज म्हणून काहीही घेतलं तरी कुणी हसणार नाही.

त्याच्यावर नऊ वर्षं मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवत आलोय. त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. बँकेत, इस्पितळात, कारखान्यात, सगळीकडे मशीन बिघडू नये म्हणून त्याच्यावर ठेवतात. हिरवंच लागतं, आणि तारीख उलटलेली चालत नाही. माझा अंधश्रद्धेवर विश्वास नाही, पण तारीख मी न चुकता बघतो. आज पाकीट काढलं.

२३ जुलै

पाकीट काढून आठवडा झाला. कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा लवकर चालू होतोय. पंखासुद्धा घरघरत नाही. मुद्दाम करतोय.

पाकीट सू-लाननं फोडून खाल्लं. म्हणाली, कुणाला तरी शहाण्यासारखं वागावं लागेल.

५ ऑगस्ट

भुतांचा महिना लागला. या महिन्यात नवी वस्तू घेत नाहीत, घर बदलत नाहीत, कारखानेसुद्धा नवं काही सुरू करायला कचरतात. म्हणजे डबा या महिन्यात येणं शक्य नाही. फार बरं वाटलं. वर्षातला पहिला महिना ज्यात माझी काही चूक नाही.

सू-लान म्हणाली, गेल्या वर्षी तवा भुतांच्याच महिन्यात घेतला होता, एक धिरडं चिकटत नाही. तव्याची आणि कॉम्प्युटरची तुलना करणाऱ्याशी काय बोलणार?

फुरसत आहे तर आजच जुन्या कॉम्प्युटरवर थोडं एडिटिंग करून बघावं असं वाटलं. शूटिंगची डिस्क ड्रॉवरमधून काढली. पुसली. परत ठेवली. नव्यावर एकदमच करू.

२५ ऑगस्ट

बाबांचा फोन सू-लानला, मला नाही. भिंतीवरच्या घड्याळाला काटे नाहीत म्हणाले, सगळे आकडे दिसतात पण मध्ये काळं. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, नव्या डब्याला मोठी स्क्रीन जोडता येईल, बाबांना बरं पडेल. ती खाली निघून गेली.

मलाही बरं वाटत नाहीये. हे इथेच लिहितो.

१५ सप्टेंबर. दुपारी १२.

मध्य-शरदाचा सण दोन दिवसांवर. थ्येन-लू घरी आला, हातात पिशवी. नोकरी वाचलीय. साहेबानं सगळ्यांना बोनस म्हणून एकेक खोकं दिलंय, ते आमच्यासाठी आणलं.

पांढरंशुभ्र. कोपरे गोल. मी झाकण उचललं, ते सावकाश हवा घेत वर आलं.

आत ट्रे. सहा गोल खळगे. सहा खळग्यांत सहा पेस्ट्र्या, अंड्याच्या बलकाच्या, वरून काळे तीळ लावलेल्या. एका मोठ्या बेकरीची सणाची ऑर्डर होती. नाव लपवायचं कारण, दुसऱ्या बेकरीनं खोकं उचलू नये म्हणून.

सू-लान आधी हसली नाही. तिनं एक पेस्ट्री उचलली, चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, ही केबल कुठे लावायची? मग दोघं इतके हसले की थ्येन-लूला ठसका लागला. मी एक खाल्ली. चांगली होती, हे मान्य करावं लागेल.

१६ सप्टेंबर

शांतपणे विचार केला. पेस्ट्रीसाठी एवढं भारी खोकं कुणी करतं का? नव्या डब्याचं खोकं पाहूनच बेकरीला ही कल्पना सुचलेली असणार. आणि जर्मन माणूस मागे हटलेला नाही. लेख मी काढणार नाही.

३० ऑक्टोबर. सकाळी ७.

आला. नवा डबा जाहीर झाला. मी बरोबर होतो.

सहा केबली नाहीत. एकच आहे. पण मूळ मुद्दा बरोबर होता. ब्लॉगवर लिहिलं, 'म्हटलं होतं ना'. लगेच ऑर्डर नोंदवली. गर्दी फार, तीन-चार आठवडे लागतील म्हणतात. चालेल. दहा महिने थांबलो, तिथे तीन आठवडे काय. मग एडिटिंगला दोन महिने.

बाबांना फोन करून खूशखबर दिली. ते म्हणाले, बरं. एवढंच म्हणाले.

१० नोव्हेंबर. हू-वेइ.

आज सकाळी सू-लाननं दुकान उघडलं नाही. सणवार सोडले तर अकरा वर्षांत पहिल्यांदा. वर आली, माझा ड्रॉवर उघडला, शूटिंगची डिस्क पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, येतोयस का मी एकटी जाऊ?

गाडीत मी समजावलं, की ते कच्चं आहे, न कापलेलं, रंग जुळवलेले नाहीत, असं दाखवायचं नसतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

बाबांच्या टीव्हीच्या मागे एक भोक आहे. तिनं डिस्क त्यात खुपसली आणि रिमोटचं एक बटण दाबलं. खेळ सुरू झाला. कॉम्प्युटर लागलाच नाही. कुठलाच. जुना नाही, नवा नाही. टीव्हीला ते भोक चार वर्षांपासून आहे.

मी म्हटलं, बाबा, हे अजून कापायचंय. बाबा म्हणाले, कापायचं कशाला? मी एक वाक्य वाया घालवलं नव्हतं.

खुर्ची ओढून अगदी समोर बसले. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. थोड्या वेळानं म्हणाले, वडाचं झाड दिसतं. स्टेजच्या ट्रकची चाकं दिसतात. बाकावर गावातला म्हातारा छाय बसलाय, तोही दिसतो. मधलं दिसत नाही रे. स्टेज मध्येच आहे ना?

सू-लान स्वयंपाकघरात गेली, नळ सोडल्याचा आवाज आला.

मग मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि सांगायला लागलो. सेनापती आला. लाल झगा. डावा हात वर केला. बाबा म्हणाले, डावा नव्हे, उजवा, माझाच हात होता. नीट पाहिलं. उजवाच होता.

तासाभरानं पडद्यावर बाबांचा आवाज भरात आला, सेनापती आईचा निरोप घेतोय, आणि त्याच्यावर कुणीतरी मोठमोठ्यानं बोलतंय. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, शेजारच्या प्रेक्षकाला. काका, नवा डबा येतोय पुढच्या महिन्यात, तो आला की ही फिल्म बघा कशी करतो. निरोप संपेपर्यंत तो माणूस बोलतच होता. सेनापतीचं एक वाक्य ऐकू आलं नाही.

बाबांनी विचारलं, कोण रे हा, माझ्या निरोपावर बडबडणारा?

मी म्हटलं, असेल कुणीतरी गावातला.

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, त्याला विचार, आला का डबा.

मी म्हटलं, अजून तीन आठवडे लागतील म्हणतो.

बरं, बाबा म्हणाले. तोवर तू सांग, सेनापती आता काय करतोय?

दुपार. त्यांचं जेवण झाल्यावर पुन्हा बसायचंय. पहिल्या दिवसाचाच खेळ चालू आहे, आणि मला अजून अर्ध्या बाहुल्यांची नावं येत नाहीत.