पेपर होईपर्यंत

२८ एप्रिल

समुपदेशक मॅडम म्हणाल्या, रोज लिहीत जा, ताण कमी होतो. ताण कशात मोजायचा, विचारलं. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

झोप नाही. पॉवर सिस्टिम्सचा पेपर मागच्या सेमिस्टरला राहिला. आताही राहिला तर कॅम्पसमधून लागलेली नोकरी जाईल. घरी सगळ्यांना हे माहीत आहे — तोच त्रास.

संध्याकाळी मोठीआईचा, म्हणजे मोठ्या काकूचा, फोन. आई-बाबा वावरात असायचे, मला तिनंच वाढवलं. "पास तं तू होशीनच! पयले जेव पोटभर. काडी झाली तुही."

३ मे

मोठीआई फोनवर येतच नाही. आई म्हणाली, "झोपली हाय." बाबा म्हणाले, "लग्नाले गेली." दोघंही एकाच खोलीतून बोलत होते.

६ मे

प्रॅक्टिकल. अ‍ॅमीटर थेट सप्लायला समांतर जोडला! फ्यूज उडाला. पहिल्या वर्षाची पोरंही असं करत नाहीत.

खोलीवर खुशी — माझी रूममेट — म्हणाली, "काय व, पुऱ्या कॉलेजची लाइन घालवतं का?" मी हसले नाही. मग तिनं मेसमधून ताट आणून ठेवलं.

९ मे

कपिलदादाला, मोठीआईच्या मुलाला, व्हिडिओ कॉल लावायला लावला. आधी नेटवर्क नाही म्हणाला. मग लावला. घरात, पंख्याखाली बसून डोक्यावर टोपी.

"टोपी काहून?"

"ऊन लई हाय. तू जेवली का?"

कानाजवळ केस नव्हते.

जेवले, म्हटलं.

१० मे

हिशोब सोपा आहे. दादानं केस काढले, म्हणजे काल मोठीआईचा दहावा होता. तेरवी बारा तारखेला. पॉवर सिस्टिम्सही बारालाच.

आमच्याकडे परीक्षा असलेल्या पोरीला वाईट बातमी सांगत नाहीत. पेपर होईपर्यंत सगळं गाव गप्प राहतं. एरवी मला ही पद्धत समंजस वाटायची.

घरी विचारलं नाही. विचारलं तर आईला अजून एक खोटं बोलावं लागेल. दादाची आई गेली — आणि तो मला विचारतो, जेवली का!

खुशीला सांगितलं. तोंडातून निघून गेलं.

"मंग अथी बसली कायले?"

"पेपर आहे."

ती माझ्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, "त्यायनं तुह्या पेपरसाठीच लपवलं न व. काय सांगू मी तुले?"

अभ्यासाला बसले. महिनाभर न सुटलेली फॉल्टची गणितं आज सुटली. सगळी. हा पेपर मी पास होऊ शकते.

१२ मे

गावाकडं, घाटंजीच्या एसटीत. पेपर सुरू झाला असेल.

दादाला फोन केला — मी येऊन राह्यली. ओरडेल वाटलं. नुसतं "ये व बाई" म्हणाला आणि रडायला लागला.