सेनापतीचा मखमली कोट

२२ ऑक्टोबर १९५४, शुक्रवार

नारळ यंदाही लटारूलाच!

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाची आमच्या गावची रीत — ज्याला काम द्यायचं त्याच्या हातात मारुतीपुढे नारळ ठेवायचा. एकदा घेतला की परत नाही. परत करणाऱ्याला गाव वर्षभर नावं ठेवतं. सेनापतीचा नारळ भैयाजी पाटलांनी लटारूच्या हातात ठेवला. राजा स्वतः भैयाजी, कारण नाटक त्यांनीच लिहिलंय. राजाचा कपटी मेहुणा शालिकराम. आणि मी परद्यामागे, वही घेऊन वाक्यं सांगायला.

"देवाजी, तुह्याशिवाय नाटक होतच नाई बाप्पा," भैयाजी म्हणाले. सहा वर्षं हेच ऐकतोय. गावात कपडे शिवणारा मी एकटा आणि न अडखळता वाचणाराही मीच. म्हणून दिवसा मशीन, संध्याकाळी वही. लोकांना माझा आवाज ठाऊक आहे, तोंड नाही.

२४ ऑक्टोबर

लटारूला वाचता येत नाही. तलावाच्या पाळीवर, बांधावर, तो जाळं दुरुस्त करत बसतो, मी शेजारी बसून एकेक वाक्य बोलतो, तो मागून बोलतो. मासे धरणारा माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया थांबून बघतात. वाक्य तेच. माझ्या तोंडून निघतं तेव्हा वरण, त्याच्या तोंडून निघतं तेव्हा रस्सा.

आज सांगून झालं ते असं — सेनापती मूळचा गुराख्याचा पोर. राजानं त्याला मोठं केलं. मेहुणा कानाशी लागतो की गादी तुझीच आहे, हात लांब कर. शिकारीच्या तळावर राजा झोपलेला असताना सेनापती त्याला मारतो. मग गादी मिळते, पण झोप जाते.

लटारू म्हणाला, "देवाजीभाऊ, दोष कोनाचा? मेहुन्याचा का याचा?"

मी म्हटलं, दोघांचा.

"नाई. तलवार कोनाच्या हातात होती?"

कमळा, त्याची बायको, टोपली घ्यायला आली होती. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर यंदा तिला दिवस गेलेत. लटारू तिच्यासाठी उठून जागा झटकून देतो. बघून हसू येतं आणि बरंही वाटतं. ती आमचं नाटक ऐकत उभी राहिली, मग टोपली उचलून गेली.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची शिलाई संपता संपेना. बोटं सुजलीत. त्यात झिंगू पेटीवाला येऊन बसला. पान खात म्हणाला, "लटारूचा सूर माह्या पेटीत बसत नाई. काळी चारचा सूर देतो तं हा बोडीच्या पान्यात पोहोचते. तुमी गाता चांगले. तुमीच काऊन नाई होत सेनापती?"

मी म्हटलं, नारळ त्याच्याकडे आहे.

"नारळाचं काय. पाठ कोनाले आहे सारं नाटक? तुमाले. लोकं टाळ्या वाजवतात ते शब्द त्याच्या तोंडात कोन घालते? तुमी. तो तं नुसता भोंगा हाये."

झिंगूला हाकलून दिला. पण मशीनवर पाय मारताना दुपारभर सेनापतीचं भाषण म्हणत होतो. गोकुळा, माझी बायको, आतून म्हणाली, "कोनाशी भांडून राह्यले?"

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

ब्रह्मपुरीच्या बाजारातून मखमल आली! लाल, हात फिरवला की रंग बदलणारी. एकच तुकडा. दुकानदाराकडे तेवढाच होता. भैयाजींनी बैलबंडीतून उतरताना तो पोरासारखा कडेवर घेतला होता. "कात्री जपून चालव. चुकलं तं दुसरा नाई."

लटारूचं माप घेतलं. छाती अडतीस. माझी छत्तीस. हे लिहायचं कारण नव्हतं.

३० ऑक्टोबर, शनिवार

खरं लिहितो. हे पान कोणी वाचणार नाही.

कापड पसरलं. खडूने अडतीसची रेघ ओढली. मग ती पुसली आणि छत्तीसची ओढली. हात चुकला म्हणायला जागा नाही, कारण मी रेघेकडे चांगला वेळ बघत बसलो होतो. बाहेर कोणी नव्हतं. झिंगूही नव्हता! तो असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं. मनात म्हटलं, दोनच तर इंच. कोटात थोडी ढिलाई असतेच. बटणं लागतील बहुतेक, नुसता ताण बसेल आणि लटारू कुरकुरेल. आणि नाही लागली तर... तर काय हे मनात पुरतं म्हटलंच नाही. कात्री चालवली.

रात्री गोकुळाने विचारलं, जेवण का जात नाही. म्हटलं, दिवाळीचे अनारसे.

२ नोव्हेंबर

भात कापणी चालू. सगळं गाव शेतात, म्हणून तालीम अंधार पडल्यावर. कोट शिवून तयार. खांद्यावर जरीची किनार लावली. उभं आयुष्य चोळ्या आणि बंड्या शिवल्या, असं काही हातून पहिल्यांदाच झालं.

४ नोव्हेंबर, गुरुवार

आज कोट घातला लटारूने. सगळे गॅसबत्तीभोवती. बाह्या बसल्या, खांदे बसले. मग बटणं.

लागेनात! चार बोटं अंतर! लटारू लाल होईस्तोवर ओढत होता, पोट पुढे, मान वर, आणि भैयाजी म्हणत होते, "श्वास सोड रे," आणि तो म्हणत होता, "सोडलाच हाये जी."

मी चक्रावलो. दोन इंच कमी केले होते, चार बोटं कशी झाली? शिवण मोजली. बरोबर. माझ्याच हाताने मला न सांगता आणखी कापलं की काय.

सगळे माझ्याकडे बघू लागले. शालिकराम म्हणाला, "देवाजीभाऊनं बकऱ्याचं माप घेतलं वाटते." हशा! मीही हसलो. मग झिंगू पुढे झाला, कोट माझ्या अंगावर चढवला. बटणं पटापट लागली. मला थोडा सैलच होता, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. झिंगू म्हणाला, "कपडाच सांगते ना कोनाचा हाये तो."

भैयाजी डोकं खाजवत बसले. मखमल दुसरी नाही. नारळ परत घेता येत नाही. तेव्हा लटारूनेच वाट काढली. "नारळ माह्याजवळ राहू द्या, काम बदलवा. मी राजा होतो. राजाले का, धोतर न शाल. खाटेवर निजाचं. देवाजीभाऊ सेनापती. भैयाजी, तुमाले वाचता येते, तुमी वही धरा."

इतक्या सहज! मला मिठी मारायला आला. मी कोट चुरगळेल म्हणून मागे सरलो.

५ नोव्हेंबर

सेनापती! मी! गोकुळाने ऐकलं आणि शेजारी सांगायला गेली. परत आली तेव्हा तोंड उतरलं होतं. "लोकं म्हंतात तुमाले माप घेता येत नाई."

हे मी धरलंच नव्हतं. सेनापती मिळाला, शिंपी गेला.

७ नोव्हेंबर, रविवार

दोन गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली. एकीने तर समोरच विचारलं, "टेप नवी घेतली का?" ती हसली. मला हसावं लागलं. सगळं गाव हसतंय, रागाने नाही, प्रेमाने, तेच जास्त लागतं.

लटारूने सकाळी वाडगाभर बोटवे मासे पाठवले. गोकुळाने रस्सा केला. एकेक काटा घशात अडकेल असं वाटत होतं. दोनदा वाढून घेतलं तरी.

९ नोव्हेंबर

तालमीत माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. लटारू तलावावर घेऊन गेला मला! मी या काठावर, तो त्या काठावर. "बोला, मले ऐकू आलं पाह्यजे." घसा बसेपर्यंत बोललो. तो पलीकडून ओरडून सांगत होता, "पोटातून, भाऊ, पोटातून!" ज्याचं काम मी काढून घेतलं तोच मला ते शिकवतोय, आणि मी शिकतोय. चांगलं शिकतोय. हेच लाजिरवाणं.

परत येताना सांगणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात तो म्हणाला, "तुमाले एक सांगाचं होतं..." आणि थांबला. मग म्हणाला, "जाऊ द्या, मंडई होऊ द्या." मीही म्हटलं, हो, मंडई होऊ दे.

११ नोव्हेंबर

पश्चात्तापाचं भाषण केलं आज. "ज्याने मला घास भरवला त्याचा मी घास घेतला!" समोर लटारू राजाच्या शालीत मांडी घालून, बिडी ओढत, मान डोलावत. माझे खरेच डोळे भरले. भैयाजींनी वही मिटली. म्हणाले, "देवाजी, सहा वर्षं तुले परद्यामागं ठेवून मी पाप केलं." झिंगू म्हणाला, मी तर आधीच सांगितलं होतं.

हो, त्याने सांगितलं होतं. पण खडू माझ्या हातात होता. लटारूने तेव्हा पाळीवर विचारलं त्याचं उत्तर आता मला तोंडपाठ झालंय.

ठरलं. मंडई झाली की लटारूला सांगायचं. सगळं. खडूसकट.

१३ नोव्हेंबर

उद्या. आजूबाजूच्या गावांतून बैलबंड्या येऊ लागल्या. जिलबीच्या कढया लागल्या. लेकी माहेरी आल्यात, घराघरात पाहुणे. गोकुळाने कोट उन्हात टांगला होता. बायका बघून जातात. माझ्याकडे शिवायला कोणी देत नाही, पण कोट सगळ्यांना आवडतो!

१५ नोव्हेंबर, सोमवार

झालं! आत्ता दुपारी उठलो. अंगभर दुखतंय आणि हसू थांबत नाही. नीट लिहितो.

पहिला अंक बरा गेला. भैयाजी परद्यामागून इतक्या जोरात वाचत होते की पहिली रांग त्यांच्याकडेच बघत होती. एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, "सेनापतीले बोलू द्या ना जी." मग लटारूने शिकवलेलं आठवलं — पोटातून. आवाज गेला! शेवटच्या बंडीपर्यंत गेला. गोकुळा पदर तोंडाला लावून बसली होती, ती मला दिसली.

मग शिकारीचा तळ. लटारू खाटेवर, डोळे मिटून. मी तलवार उगारली. आणि हात तिथेच राहिला. खरं सांगतो, खाली येईना. त्याचा तो भोळा चेहरा, गॅसबत्तीत चमकणारा घाम. भैयाजी ओरडले, "मारतो! मारतो! पुढचं वाक्य घे!" मी उभाच. तेव्हा राजा डोळे न उघडता हळूच पुटपुटला, "हाना ना जी. मच्छर फोडून खाऊन राह्यले."

हाणली. त्या क्षणी हसू आणि रडू एकदमच आलं. लोकांना वाटलं केवढा अभिनय! राजा मरताना खाटेवरून असा पडला की खाटेचा पाय मोडला. टाळ्या त्याला पडल्या. पडू देत, मला बरंच वाटलं.

पुढे गादीवर बसलो आणि विचारलं, "सांगा, कोणी दिली ही तलवार माझ्या हातात?" तर लोकांतून एक बाई शालिकरामकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या मेहुन्यानं, लेका, आमी पाह्यलं ना." बाकीचे म्हणाले, "नाई नाई, यालेच हाव सुटली होती." तिथेच भांडण. नाटक दहा मिनिटं थांबलं. मी गादीवर बसून ऐकत होतो आणि दोन्ही बाजूंना मान हलवत होतो. शेवटी भैयाजींनी आतून दम दिला तेव्हा मी स्वतःच्या तलवारीवर पडलो आणि सुटलो.

पहाटे परदा पडल्यावर पाटलांच्या ओसरीत चहा. सगळे म्हणत होते, पश्चात्ताप करावा तर देवाजीनं. लटारू कमळाला घेऊन आधीच घरी गेला होता. म्हणून सांगायचं राहिलं.

उद्या नक्की.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी लटारू स्वतःच दुकानात आला. मी तोंड उघडणार तोच त्याने खुंटीवरचा कोट काढला, अंगात घातला आणि खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली. एकही ओढावं लागलं नाही; माझे दोन इंच कोटाच्या ढिलाईतच जिरले होते.

"पोट फुगवून धरलं होतं जी, त्या दिशी," तो खाली बघत म्हणाला. "कमळा म्हने, लेकरू येऊन राह्यलं घरात, निजल्या मानसाले मारू नका, नाटकात बी नाई. मेलं तं चालते, म्हने, खोटं मेलं की आयुष्य वाढते. नारळ घेतलेला, सांगू कसा? तुमची कारागिरी खोटी पाडली मी. गावभर तुमाले हसू झालं. सारं सांगतो आज पारावर. मले माफ करा, देवाजीभाऊ."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या हातात खडू होता.

मी म्हटलं, "जाऊ दे, लटारू. माफ केलं."