यंदा की पुढल्या साली

२६ मे १९९८, खोडद
ताईला जाऊन आज बारा दिवस. परवा जलदान विधी झाला. लोणीहून तिच्या सासरचे आले, जेवले, गेले. बाळ आमच्याकडेच राहिलं. ताईच्या सासूबाई आईला म्हणाल्या, "माज्यानं या वयात व्हत न्हाई. तुमीच बघा थोडं दिवस." थोडे म्हणजे किती, ते कोणी विचारलं नाही.
बाळ सतरा दिवसांचं. मुलगी. नाव अजून नाही.
फिजिक्सच्या जर्नलची मागची पानं कोरी होती. त्यात लिहितेय.
आज दुपटी अकरा. रडू येत नाही. आई म्हणते साचलंय. तसंही वाटत नाही. काही वाटतच नाही.

२९ मे
शेजारच्या काकू विचारत होत्या, काय झालं नेमकं. आईनं परत सगळं सांगितलं. सातव्या महिन्यात कावीळ, बाळंतपण नीट झालं, मग पाचव्या दिवशी. आईचं सांगणं आता पाठ झाल्यासारखं झालंय. त्याच जागी थांबते, त्याच जागी पदर लावते. मी बाटली उकळत होते. तिनं एक गोष्ट गाळली ते माझ्या लक्षात आलं. शेवटी ताईनं पाणी मागितलं होतं ती. 

२ जून
दाजी आले होते. ताईचे मिस्टर. टेम्पो चालवतात, लोणीहून मार्केट यार्डाला माल. बाळाला मांडीवर घेतलं, दहा मिनिटं तसेच बसले. चहा गार झाला. जाताना मला म्हणाले, "रिझल्ट कधी?" मी म्हटलं, शुक्रवारी. "बरं." एवढंच.

५ जून
बारावीचा रिझल्ट. पीसीबीला ३०० पैकी २४१. बायोलॉजीत कॉलेजात पहिली.
नारायणगावहून येताना एसटीत मार्कशीट पिशवीत होती. खाली बाळाची दूध पावडर. घरी आल्यावर आधी पावडर काढली. मग आईच लक्षात ठेवून म्हणाली, "आगं, काय झालं तुजं?" सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला नि आत गेली.
अण्णा संध्याकाळी रेडिओ दुर्बिणीच्या कामावरून आले. तबकड्यांच्या रंगकामाच्या टोळीत आहेत ते. हाताला पांढरा रंग. मार्कशीटला हात न लावता वाकून वाचली. "चांगलं हाय," म्हणाले.
इतर वेळी पेढे आणले असते.

९ जून
चौधरी मॅडमकडे गेले. बायोलॉजीच्या. त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवलं. एमबीबीएस आपल्या कोट्यातूनही बसणार नाही, थोडक्यात हुकेल. बीडीएस मात्र मिळेल. सरकारी. "डेंटल काही कमी नाही गं. पाच वर्षांत डॉक्टर."
फॉर्म त्यांनी पुण्याहून आणून ठेवलाय माझ्यासाठी. शेवटची तारीख २६ जून. डोमिसाईल आहे, जातीचा दाखला आहे. पडताळणी व्हायची आहे, पण अर्ज दिल्याची पावती जोडली तर चालतं म्हणाल्या. फोटो चार. पालकाची सही.
मला काय वाटतं, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, भरते. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही म्हणून म्हटलं, का खरंच भरायचा आहे म्हणून, ते कळत नाही.

११ जून
अण्णांपुढे फॉर्म ठेवला. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचला सगळा.
"पुढल्या साली दिला तर?"
म्हटलं, देता येतो. पण पुढल्या वर्षी प्रवेश परीक्षा येणार असं बोलतात.
"मग आजून बरं की. वर्षभर आब्यास कर. मार्क वाढीव. दाताचं कशाला, मोठा डाक्टरच हो."
त्यांचं बोलणं चुकीचं नाही. मी पण मार्चमध्ये तेच म्हणत होते. तेव्हा ताई होती.
"आन् बाळ बी जरा धरंल तवर," हे त्यांनी पाठ फिरवून म्हटलं.
सही नाही. फॉर्म कपाटावर.

१३ जून
आई काहीच म्हणत नाही. फॉर्मचं नाव काढलं की बाळाला पाजायला घेते. मग बाळ भुकेलं असो नसो.

१५ जून
लोणीहून ताईच्या सासूबाई आल्या, बरोबर दाजींचे मोठे चुलते. मी चहा दिला आणि आत थांबले. भिंत पत्र्याची. सगळं ऐकू येतं.
सासूबाई म्हणाल्या, "आमाला दुसरी सोयरीक चालून येती, न्हाई असं न्हाई. पण सावतर ती सावतरच. तुमची धाकली, कल्पना, घरातली हाय. लेकराला मावशी ती आईच."
अण्णा म्हणाले, "तिचं शिक्षान."
चुलते म्हणाले, "शिकू द्या की. आमी कुटं न्हाई म्हणतो? हितं मंचरला डीएड करंल."
मग सासूबाई, "पाच वर्सं मातर आमाला थांबता यायचं न्हाई. तुमचा इचार नसंल तर तसं सांगा. आमी बाळाला घिऊन जाऊ. नवी येईल ती बघंल."
आईच्या हातातून फुलपात्र पडलं. पाणी माझ्या पायापर्यंत आलं.
माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं आणि मी जमिनीवरचं पाणी पुसत होते. घाबरले नाही. राग नाही. पोतेरं पिळलं, वाळत घातलं.

१६ जून
आता कळलं आई का बोलत नाही.
मी गेले की बाळ पण जातं. मी थांबले, दाजींशी लग्न केलं, की बाळ आपलं राहतं. दोन मुलींमधली एक गेली. तिचं तेवढंच उरलंय.
मला सांगितलं असतं तर. पण ती सांगणार नाही. आणि मी विचारणार नाही.

१९ जून
मॅडमनी निरोप पाठवला म्हणून गेले. सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. सांगताना आईसारखंच झालं, पाठ केल्यासारखं.
मॅडम म्हणाल्या, "आज लग्न करायचं का, हा प्रश्न नाहीये. आज फक्त फॉर्म आहे. फॉर्म दिला आणि जायचं नाही ठरलं, तर सीट सोडता येते. दिलाच नाही, तर सोडायला पण काही हातात नसतं."
पुढच्या वर्षाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तू कुठे असशील, सांग बरं?"
घरी येऊन फॉर्म काढला, पेननं भरला. नाव, पत्ता, मार्क. भावंडांची संख्या, असा एक रकाना होता. आधी १ लिहिलं. मग ० करायचं की काय ते कळेना. १ तसंच ठेवलं.
पालकाची सही रिकामी. भरताना बाळाची बाटली लवंडली, कोपऱ्यावर डाग पडला.

२२ जून
अण्णांना परत विचारलं. "सही कुटं पळून चाललीय का," म्हणाले. चार दिवस राहिलेत म्हटलं. ते सायकल पुसत राहिले.

२४ जून
दाजी आले. बाळासाठी झबली आणली, मोठी आहेत फार. आई पाण्याला गेली होती. मी दुपटी वाळत घालत होते, ते तारेपाशी येऊन उभे राहिले.
"फॉर्म दिला का?"
"नाही."
"का?"
"सही नाही."
मग म्हणाले, "आयनं काय बोलणं केलं ते मला नंतर समाजलं. मी पाठवलं नव्हतं त्यांना."
मी दुपटी घालत राहिले.
"न्हाई बी म्हणालो नाय मी. खोटं कशाला बोलू. कोण येईल, कसं बघंल पोरीला, याचा लई इचार येतो. पन तू म्होरं आलीस की मला संगीता आल्यागत वाटतं. आवाज तसाच हाय तुजा. ते काय बरं न्हाई. तुज्यासाटी बी न्हाई."
ताईचं नाव घेऊन ते पहिल्यांदा बोलले माझ्याशी. मला काहीतरी वाटायला हवं होतं. चिमटे संपले होते, उरलेली दोन दुपटी तशीच तारेवर टाकली.
अण्णा आल्यावर ते थेट म्हणाले, "अण्णा, सही करा. बाकीचं मागनं बघू. परवा माजा टेम्पो यार्डात जायचाय, तुमी दोघं चला."
अण्णांनी सही केली. दोन मिनिटं लागली नाहीत.
चौदा दिवस मी मागत होते. दाजींनी सांगितल्यावर केली.

२६ जून
स. साडेचारला निघालो. केबिनमध्ये दाजी, मध्ये अण्णा, खिडकीशी मी. मागं फ्लॉवरच्या गोण्या.
चाकणच्या अलीकडे अण्णा एकदम म्हणाले, "संगीताला धावीला चौसष्ट टक्के व्हते."
अण्णांनीच तिला दहावीनंतर घरी बसवलं होतं.
पुण्यात कॉलेजच्या खिडकीपाशी रांग मोठी. बहुतेक मुलींबरोबर वडील, सगळ्यांकडे प्लॅस्टिकच्या फायली. आमचे कागद पिशवीत. अडीच तासांनी नंबर आला. क्लार्कनं फॉर्म उलटसुलट केला.
"हा डाग कसला?"
"दुधाचा."
"घरात लहान बाळ आहे?"
"बहिणीचं."
"मग काय, मावशी डॉक्टर होणार," म्हणून हसले, शिक्का मारला. पावती दिली.
ताई नाही हे त्यांना सांगितलं नाही. एवढाच एक माणूस आहे, ज्याच्या हिशोबी ती अजून घरी बसलीय.
बाहेर अण्णांनी उसाचा रस घेतला, तिघांना. गोड होता.

४ जुलै
बाळाला ताप. नारायणगावला नेलं. डॉक्टर म्हणाले घाबरायचं कारण नाही. कार्डावर नाव विचारलं. आई म्हणाली, "न्हाई ठिवलं." नर्सनं 'बेबी' लिहिलं.

१९ जुलै
पंधरा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. पाऊस, दुपटी वाळत नाहीत, तवा तापवून त्याच्या वर धरते.
मैत्रिणी बीएस्सीला गेल्या. एक आली होती सांगायला. तिच्या तोंडाकडे बघत बसले, काय बोलली ते आठवत नाही.

३ ऑगस्ट
पोस्टमननं पाकीट दिलं. ११ तारखेला पुण्यात इंटरव्ह्यू. ओरिजिनल घेऊन या. मेरिट लिस्टचा नंबर खाली.
अण्णांनी पाकीट घेतलं, घडी नीट केली, तिसऱ्या तबकडीच्या कामावर सोबत घेऊन गेले. साहेबाला दाखवलं म्हणे. परत आणून दिलं तर त्याला रंगाचं बोट लागलेलं.

११ ऑगस्ट
मोठा हॉल. फळ्यावर राहिलेल्या जागा लिहितात नि पुसतात. माझ्या आधी सहा मुलं होती. मुंबई गेली. औरंगाबाद गेलं. माझं नाव पुकारलं तेव्हा नागपूर.
"घेताय की वेटिंगला थांबताय?"
अण्णांकडे बघितलं. ते फळ्याकडे बघत होते.
"घेते," म्हटलं.
माझाच आवाज. जरा मोठा आला.
२० तारखेच्या आत रिपोर्ट करायचं. नाही केलं तर जागा रद्द.
एसटीत अण्णा म्हणाले, "नागपूर म्हंजी एक दीस आन् एक रात." मग मंचर गेल्यावर, "लोणीला मी सांगतो."
काय सांगतो, ते नाही म्हणाले.

१३ ऑगस्ट
अण्णा लोणीला जाऊन आले. आईनं पाणी दिलं. प्यायले. "रईवारनंतर येतो म्हणले, बाळाला न्यायला," म्हणाले.
आई म्हणाली, "आन् त्ये?" म्हणजे दाजी.
"गप व्हता. मला स्टँडवर सोडाय आला. म्हणला, म्हयन्या-दोन म्हयन्यानं पोरीला दाखवाय आणीन."
आई उठून चुलीपाशी गेली. चूल पेटलेली नव्हती.

१४ ऑगस्ट
आईला विचारलं. एकदाच. "मी जाऊ का नको?"
ती तांदूळ निवडत होती. "म्या जा म्हणले तर म्या संगीताची लेक दिली. म्या ऱ्हा म्हणले तरी म्या लेक दिली. मला इचारू नगं, बाय."
मग परत तांदूळ.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडा. सरपंचांनी माझं नाव घेतलं, गावातली पहिली डॉक्टर होणारी म्हणून. टाळ्या. मी मागं उभी, बाळ कडेवर. बायका वळून माझ्याकडे बघायच्या, मग बाळाकडे, मग परत पुढं.
ट्रंक अण्णांनी काढून ठेवलीय. दोन ड्रेस, टॉवेल, कागद ठेवले. अर्धी रिकामी आहे.

१६ ऑगस्ट, रविवार
परवा स. सहाची गाडी. लोणीचे उद्या येणार, नाहीतर परवा. अण्णांना नक्की माहीत नाही. दाजींचाही निरोप नाही.
आठवड्यापासून बाळ आवाजाला मान वळवायला लागलंय. माझ्या आवाजाला. दुसऱ्या कोणी कितीही टाळ्या वाजवल्या तरी नाही.
दुसऱ्याच्या आवाजाचीही सवय व्हावी, म्हणून आज सकाळपासून मी बोललेच नाही. आईला खुणेनं सांगितलं, तू बोल. ती विचारत होती, घसा बसला का गं? मी मान हलवली. मग तिला समजलं असावं. बाळाला समोर घेऊन बसली नि बोलायला लागली. काय बोलायचं ते तिला सुचेना. मग ताईचंच सांगत बसली. लहानपणी कशी पळायची, कशी रुसायची. शेवटी पाणी मागितलं होतं, ते पण सांगितलं.
मी दाराआड उभी राहून बघत होते.
दुपारी एकदा बाळाची मान तिच्याकडे वळली. आवाजाला वळली की उजेडाला, ते कळलं नाही.