राणीची एक्केचाळीस पाने

मेढा,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. राजेश्वरीस,
नानासो मामाचे अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर दोन वाक्ये झाली की रेंज जाते, आणि मला विचारायचे आहे ते दोन वाक्यांत बसत नाही.

तू तुझ्या आईला दिलेला लॅपटॉप ती गेल्यापासून माझ्याकडेच आहे. गेले पंधरा दिवस त्याने माझा पिच्छा पुरवला आहे. सुरू केला की पडदा निळा होतो, त्यावर रडवा चेहरा येतो आणि तो आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कधी दहा मिनिटे शहाण्यासारखा चालतो, कधी तेवढाही नाही. बावीस वर्षे फौजेत, सिग्नलमध्ये, वायरलेस सेट सांभाळले, पण रडणारा सेट हा पहिलाच.

मेढ्यातल्या दुकानदाराने पाहिला आणि म्हणाला, की आतले सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल. मी लॅपटॉप उचलून घरी आणला. त्यात राणीने, तुझ्या आईने, लिहिलेले आहे. शेवटचे चार महिने ती इथे होती, तेव्हा रोज एका बोटाने टाईप करायची. एक्केचाळीस पाने आहेत. ती गेली तर पुन्हा कुठून आणायची? न पुसता दुरुस्त होईल का, एवढे कळव.

जावई इंद्रजितरावांना आशीर्वाद. हळदीच्या सौद्यांच्या गडबडीत मामाची आठवण असू दे.

तुझा,
नानासो मामा


सांगली,
१४ जानेवारी २०२५

ती. नानासो मामांस,
राजेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पाकिटात मावत नाही, म्हणून नुसता नमस्कार घ्या. तुमचे पत्र तीनदा वाचले. लॅपटॉपचे नंतर. आईने एक्केचाळीस पाने लिहिली आणि मला ते दीड वर्षाने कळते? मला राग आला आहे, मामा.

ती इथून कशी गेली ते तुम्हाला माहीत नाही. सांगलीतले औषधपाणी अर्ध्यावर टाकून तिला माहेरी यायचे होते. मी दारात उभी राहून म्हणाले, "मरायलाच चाललीयास तर जा." तोंडातून गेले ते गेले. मग लॅपटॉप पाठवला, व्हिडिओ कॉलवर तिचे तोंड दिसावे म्हणून. ती दिसायची, हसायची, जेवलीस का विचारायची. त्या वाक्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही आणि मलाही विषय काढायचा धीर झाला नाही. तिने माझ्याबद्दल काय लिहिले आहे, मामा?

आता लॅपटॉप. अडत दुकानात मी आठ कॉम्प्युटर सांभाळते. दोष असा लांबून ओळखता येत नाही. तुम्ही फौजेत लिहायचा तशी नोंद ठेवा. किती वाजता सुरू केला, काय दिसले, किती वाजता बंद केला. बारीकसारीक काही गाळू नका. नाहीतर सरळ इकडे पाठवा, मी काही न पुसता करून घेते.

तब्येतीला जपा. आमच्यावर माया आहेच, रागावर जाऊन ती कमी करू नका.

तुमची,
राजेश्वरी


मेढा,
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. राजेश्वरीस,
मामाचे अ. उ. आ.

रागावलीस ते बरोबरच आहे. राणी म्हणाली होती, "दादा, पुरं झालं की राजीला दे." ते पुरे झाले नाही. शेवटचे वाक्य अर्धेच आहे. अर्धवट निरोप पुढे धाडायचा नाही, ही आमची सिग्नलमधली सवय, म्हणून ठेवून दिले.

हे झाले लोकांना सांगायचे कारण. खरे असे, की तुझी मामी गेल्यापासून या घरात बोलणारे कोणी नाही. मी रोज सकाळी एक पान वाचतो. एक्केचाळीस झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी भरतीला निघालो त्या दिवशी राणी एसटीमागे वेण्णेच्या पुलापर्यंत पळत आली होती. मी ते पार विसरलो होतो. तिने लिहिले आहे, की पळताना एक चप्पल तुटली आणि आईने घरी आल्यावर दुसरीने मारले. असे वाचून दिवस सुरू करायची सवय लागली आहे. लॅपटॉप सांगलीला गेला की माझी सकाळ गेली. म्हातारा स्वार्थी झाला आहे, असे समज.

नोंद खाली देतो.

२१ जाने. — ६.४० सुरू. ठीक. फोन खिडकीत ठेवून नेट लावले, बाजारभाव पाहिले. ७.०० पान वाचले. ७.१५ बंद केला. पडद्यावर इंग्रजीत : काम चालू, ३० टक्के, बंद करू नका. ७.२० मेन स्विच बंद. गव्हाला पाणी द्यायला गेलो.

२२ जाने. — ६.४० सुरू. निळा, रडवा. चार वेळा. ७.१० चालला. पान वाचले. बंद करताना परत ३० टक्के. ७.४० मेन स्विच बंद.

२३ जाने. — निळा. सहा वेळा. पान वाचायला मिळाले नाही.

बॅटरी फुगली होती, ती मागेच काढली. सेट थेट विजेवर चालतो.

तुझा,
नानासो मामा


सांगली,
२८ जानेवारी २०२५

ती. नानासो मामांस,
शि. सा. न. वि. वि.

चोर सापडला. तो घरातलाच आहे.

लॅपटॉप बंद होताना आतले जुने भाग काढून नवे बसवत असतो. त्यालाच अपडेट म्हणतात. त्याचे ३० टक्के होतात आणि तुम्ही घराबाहेर पडताना मेन स्विच पाडता. आत बॅटरी नाही, त्यामुळे तो जागच्या जागी मरतो. अर्धी भिंत पाडून गवंड्याला घरी पाठवावे, असे तुम्ही रोज करता. सकाळी तो रडेल नाहीतर काय करेल? घर सोडताना दिवासुद्धा चालू ठेवायचा नाही, ही तुमची शिस्त आई कौतुकाने सांगायची. या खेपेला ती नडली.

सोबत पेनड्राइव्ह आणि कागदावर चित्रे काढून पायऱ्या देते. निळा पडदा दोनतीनदा आला की दुरुस्तीचे पर्याय दिसतील. त्यातला 'शेवटचे अपडेट काढा' हा घ्या. 'रिसेट'ला बोटही लावू नका. लॅपटॉप उठला की आधी आईची फाईल पेनड्राइव्हवर घ्या. मग अपडेट पुन्हा चालू होऊ द्या आणि तो आपला आपण विझेपर्यंत मेन स्विचकडे बघू नका.

तुमची सकाळ मी नेणार नाही. लॅपटॉप तिथेच राहू दे. पण ते अर्धे वाक्य मला पाहिजे. अर्धे तर अर्धे.

तुमची,
राजेश्वरी


मेढा,
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजेश्वरीस,
अ. उ. आ.

तू लिहिलेस तसेच केले. फाईल आधी घेतली. मग अपडेट चालू झाले आणि मी तीन तास समोर बसून राहिलो. शेजारच्या अर्जुनाने आवाज दिला, की गव्हाला पाणी द्यायचं न्हाई का आज. त्याला म्हटले, ड्यूटीवर हाय. ३० टक्क्यांवर तो इतका वेळ थांबला, की माझा हात दोनदा स्विचकडे गेला होता. मग ३१ झाले. आज पाचवा दिवस, एकदाही रडला नाही.

पेनड्राइव्ह सोबत आहे. तू विचारलेस म्हणून शेवटच्या पानावरच्या ओळी हाताने उतरवून देतो, जशाच्या तशा :

"राजी दारात लय वंगाळ बोलली. ती माझ्यापायी रागावली व्हती, ह्ये मला सातारा स्टँड यायच्या आदीच कळलं. तिनं मनाला लावून घिऊ न्हाई. समोर बसून मला असलं बोलता येत न्हाई, म्हणून लिवाय घेतलं. तिला एवढंच सांगायचं हाय की"

इथे थांबले आहे. दुसऱ्या दिवशी तिला बसवले नाही.

तू दारात नेमके काय बोललीस ते राणीने मला कधी सांगितले नाही, ते मला तुझ्या पत्रातून कळले. दीड वर्ष तू ते वाक्य घेऊन बसलीस आणि त्याचे उत्तर माझ्या घरात होते. चूक माझी. क्षमा कर, पोरी.

तुझा,
नानासो मामा


सांगली,
११ फेब्रुवारी २०२५

ती. नानासो मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दुकानात उघडले आणि हमाल-व्यापाऱ्यांसमोर रडले. क्षमा कसली मागता? तुम्ही नसतात तर ती पाने त्या दुकानदाराने केव्हाच पुसली असती.

पेनड्राइव्ह मिळाला. समोर आठ कॉम्प्युटर आहेत, तरी एकातही लावला नाही. एकटीने वाचायला नको वाटते. शनिवारी पहिल्या गाडीने येते. ऐन सौद्यांत रजा मागितली म्हणून मालक कुरकुरले, पण चार दिवस दिले.

रोज सकाळी एक पान, तुमच्या पद्धतीने. तुम्ही वाचा, मी ऐकते. चार दिवसांत चारच होतील. उरलेल्या सदतीस पानांसाठी मला पुन्हा पुन्हा माहेरी यावे लागेल, आणि आता माहेर म्हणजे तुम्हीच आहात.

येईपर्यंत लोभ राखून ठेवा.

तुमची,
राजी