देवाच्या खिरीत साखरच पडली

डोंबिवली, गणेश चतुर्थी

ती. आईंस, रवींद्रचा शिरसाष्टांग दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? (कल्याणचा बाजार पायी फिरू नका, असं हेमाने पलंगावरूनच बजावलंय. तिच्या पायाचं प्लास्टर अजून निघायचंय.) ‘यंदा जावईबापू गणपतीला मीठ खाऊ घालणार,’ असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. तरी कळवायला आनंद होतो, की बाप्पाने आज गोड खीर खाल्ली आणि ती मी केली होती.

झालं असं, की साखर लवकर विरघळावी म्हणून काल मी ती मिक्सरमधून काढली आणि मिठाच्या डब्याच्या जोडीतल्याच डब्यात भरली. आज दूध आटल्यावर दोन्ही डबे उघडले, तर दोन्हींत सारखंच पांढरं पीठ. चिमूटभर जिभेला लावणार, तोच शेवंतीताईने (माझी थोरली बहीण, दिवा गावाहून खास माझ्यावर नजर ठेवायला आलीय) हात धरला. नैवेद्याआधी चाखलंस तर उष्टं होईल, म्हणाली. हेमाला विचारलं, तर आतून उत्तर आलं, “तुम्हीच दळलीत, तुम्हीच ओळखा.” बाहेर अख्खी बिल्डिंग आरतीला खोळंबलेली.

मग मी दोन पातेल्यांत सारखंच थोडंसं पाणी घेतलं आणि एकेका डब्यातलं चमचा-चमचा घालून ढवळत राहिलो. पहिला चमचा दोन्हीकडे गायब, तेव्हा माझा धीरच सुटला. पण लवकरच डावीकडचं पाणी अडून बसलं. कितीही ढवळा, तळाशी गाळ तो गाळच. उजवीकडचं मात्र घालू तितकं पोटात घेत होतं. तू नीट ढवळलं नसशील, अशी ताईची शंका. म्हणून दोन्ही गॅसवर चढवली. उजवीकडे आणखी मूठमूठ जिरली, डावीकडचा गाळ जागचा हलेना. तेवढ्याच पाण्यात साखर मिठापेक्षा कितीतरी जास्त विरघळते आणि ऊब मिळाली की आणखीच, मिठाला मात्र गरम-गार जवळजवळ सारखंच.

“उजवा डबा साखरेचा,” मी म्हणालो, आणि देवाचं नाव घेऊन खिरीत ओतला. आरतीनंतर लोकांनी वाट्या पुढे करकरून खीर मागितली. माझ्या लग्नापासून मला कधी शाबासकी न दिलेली ताईसुद्धा हळूच म्हणाली, “सासूला कळव तुझ्या.” म्हणून हे पत्र.

तुमचा विजयी जावई,
रवींद्र

ता. क. परवा गौरी येताहेत आणि पुरण माझ्याच्याने होणार नाही. उद्याच रिक्षा करून याल का? आमची लिफ्ट चालू आहे. येताना साखर आणा, घरातली सगळी त्या पातेल्यात आणि खिरीत गेली.

ता. क. २. आमटीत मीठ घालायचं राहूनच गेलं. लोकांनी प्रसाद म्हणून मुकाट्याने खाल्ली.