निवडलेली तूर

भातकुली
ता. ४ ऑगस्ट, रविवार

सौ. शैला,

वहिनीचा आशीर्वाद घे. जावईबापूले नमस्कार सांग. त्यायच्या गुडघ्याचं आता कसं आहे? इकडे सारे ठीक. पाऊस हवा तेवढा झाला, गोपाल दिवसभर वावरात असते. माझी शुगर उतरली असं डॉक्टर म्हणते, मले काही फरक दिसत नाही.

पत्र पाहून दचकली असशील. फोन काहून नाही केला म्हणशील. माझं नाव पाहून तू उचलला नसता, अन् उचलला असता तर माझ्या तोंडून वाकडंच गेलं असतं. कागदावर वाकडं गेलं तर खोडता तरी येते.

तुमच्या वरच्या खोलीत सध्या कोण राहते? इंदूबाई अकोल्यावरून आली, ते सांगत होती भाडेकरू गेले म्हणून. सहजच विचारलं.

बातमी अशी की आपल्या गोपालची श्रावणी बारावीले सायन्समध्ये तालुक्यात पहिली आली. पेपरात फोटो आला. पाहिला नसशील तर कात्रण सोबत आहे. फोटोत तोंड आंबट आहे, कारण फोटोवाल्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं त्याले सांगतलं, "हात काढा, मग मी हसेन." त्यानं काढला. ही हसली नाही. मी म्हणलं, काहून व? तर म्हणे, "हसू आलं नाही." पोट्टी आपली, पण बोलते पुस्तकातलं.

जुनं काही काढायचं नव्हतं. पण काढल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. सहा वर्षांची होती, तोंडात एक शब्द नव्हता, अन् तू आमाले अकोल्यात त्या मोठ्या तज्ज्ञाकडे नेलं. त्यानं तिच्याकडे पेन रोखून सांगतलं, ऑटिझम आहे, बोलेल याची खात्री नाही, शाळेचा आग्रह धरू नका, अगरबत्तीची पाकिटं भरायले शिकवा. तुमच्या घरी आल्यावर तूही तेच म्हणली. "वहिनी, मी इतकी वर्षं पोरं शिकवते, डॉक्टर बरोबर बोलले. उगाच तिचे हाल करू नका." तू पुरणाची पोळी वाढली होती. मी वाढलेल्या ताटावरून उठली. पुढं तुझे भाऊ गेले, तेव्हाही आपण एका चुलीपाशी बसलो अन् सुनेच्या तोंडून बोललो. "आरती, त्यायले सांग, वरणात मीठ राहिलं." आरती बिचारी पोस्टमन झाली होती.

तुले एक कधी कळू दिलं नाही. इथल्या शाळेनं सांगतलं, पोरगी किंचाळते, घरचं कोणी सोबत बसत असेल तर ठेवतो. आरतीच्या कडेवर तेव्हा सोहम होता, मंग मी गेली. मी दुसरी शिकलेली. मागच्या भिंतीले टेकून बसायचं. रिकामे हात मले जमत नाहीत, म्हणून सूप अन् तूर घेऊन गेली निवडायले. माणिकबाई मॅडम म्हणल्या, "आजी, ही शाळा आहे, स्वयंपाकघर नव्हे." मी सूप खाली ठेवलं. पोट्टीनं कानावर हात ठेवून जी आरोळी ठोकली! सूप उचललं, तूर हलवली, तर गप. पुन्हा ठेवलं, पुन्हा आरोळी. मॅडम म्हणल्या, "हलवा बापा, हलवा."

तेव्हापासून साऱ्या वर्गानं पाढे सुपाच्या आवाजावर म्हणले. तूर काय, एका दिवसात निवडून होते. मंग मी निवडलेलीच तूर न्यायची, त्यात मूठभर खडे टाकायची अन् पुन्हा निवडायची. अशी सातवीपर्यंत. तू मास्तरीण, पण सातवी मी दाढा पडल्यावर केली. हे पत्र लिहिणं त्यातलंच.

अन् पोट्टी बोलली कधी, माहीत आहे? आपल्याकडे किसनराव संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सांगतात. त्या दिवशी त्यायले परतवाड्याची जीप गाठायची होती, घाईत एक ओळ गाळली. तर माझ्या मांडीजवळून आवाज आला. गाळलेली ओळ, अगदी ठणठणीत. सारे मागे वळून पाहायले लागले. किसनरावांची जीप गेली ते गेलीच. मी घरी येऊन दोन भाकरी जास्त टाकल्या.

आठवीपासून ती एकटी बसली, खिशात चिमूटभर तूर घेऊन. हात खिशात, बोटं चालू. बोर्डाच्या परीक्षेत सुपरवायझरनं खिसा उलटा करायले लावला. "हे काय आहे?" ही म्हणे, "तूर." तो बापडा पुढं काय विचारेल?

आता ऐक. तुझा राग मले काहून आला होता? तू खोटं बोलली म्हणून नाही. मले ते खरं वाटलं म्हणून. ताटावर बसल्या बसल्या मले तिचे हात पाकिटं भरताना दिसून राहिले होते. घास कसा उतरेल?

तिचा नंबर अकोल्याच्या कृषी कॉलेजात लागला. बियाण्यांचं शिकायचं म्हणते. हॉस्टेल पाहून आलो. एका खोलीत तिघी, डोक्यावर पंख्याची खरखर. पोरी चांगल्या होत्या, कोणाचा दोष नाही. ही जिन्यात जाऊन बसली ते उठेचना. शुक्रवारी हजर व्हायचं आहे, नाहीतर जागा जाते. भातकुलीवरून रोज जाणं-येणं होत नाही, तुले माहीत आहे.

रात्री जेवताना ती आपणहून म्हणली, "आत्याआजीच्या वरच्या खोलीत आवाज नव्हता. मी तिथे झोपले होते." एका दुपारचं झोपणं, तेही सहाव्या वर्षीचं! मी म्हणलं, त्या आत्याआजीनं तुझ्याबद्दल काय म्हणलं होतं, ते ठाऊक आहे का? तर म्हणे, "चुकीचं म्हणाली होती. आता तिला बरोबर काय ते कळलं असेल. झालं."

झालं म्हणे. मले बारा वर्षं लागली अन् अजून होऊन राहिलं.

पत्र गोपालच्या हाती पाठवून राहिली. तो दारात उभा राहील. चहा दिला तर पिईल. हो असेल तर हो सांग, नाही असेल तर नाही सांग. मी रुसणार नाही, आता वय राहिलं नाही.

वर 'सहजच विचारलं' असं लिहिलं, ते खोडायचं राहून गेलं.

वहिनी


भातकुली
ता. ४ सप्टेंबर, बुधवार

शैला,

काल तान्हा पोळा झाला. सोहम म्हणे, मी आता मोठा झालो, लाकडी बैल घेऊन फिरत नाही. शेजारच्या पोरायच्या हाती खाऊ दिसला, तसा बैल काढून पळाला.

त्या दिवशी गोपाल तुमच्याकडून परत आला तेव्हा मी अंगणातच होती. त्यानं हो पण सांगतलं नाही अन् नाही पण सांगतलं नाही, नुसती खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती किल्ली साडीच्या पदराले बांधली अन् श्रावणीले सोडायले येईपर्यंत सोडली नाही. आरतीनं दोनदा मागितली.

अन् तू मुद्दाम पुरणाचीच पोळी केली. मी चार खाल्ल्या. तू पाहून राहिली होती, मले दिसलं. वरणात मीठ कमी होतं, तरी बोलली नाही, हे लक्षात ठेव.

परवा तू फोनवर म्हणली, नव्या जागी श्रावणी अभ्यासाले बसली की सूप हलवून मनगट दुखते, अन् तूर तर निवडलेलीच आहे, निवडू काय? माय, म्हणून तर पाठवली. खडे वेगळ्या पुडीत बांधून दिले आहेत. मूठभर टाक अन् बस. जावईबापूलेही बसव. वकिली सोडल्यापासून त्यायचे हात रिकामेच आहेत.

पहिल्या चाचणीत ती वर्गात वरच्या नंबरात आली, हे तू सांगतलं. ती नाही सांगत. तिनं फोनवर मले एवढंच सांगतलं, "आत्याआजी सूप जोरात हलवते. तुझ्यासारखं नाही. पण चालतं." तुले अजून कोणाचं प्रमाणपत्र पाहिजे?

काल ती खोलीतून उतरून तुमच्या मागच्या अंगणात एकटी बसली, जेवली, अन् नऊ वाजता झोपली, असं तू आज फोनवर म्हणली. मी फोन ठेवला अन् कितीतरी दिवसांनी दुपारी आडवी झाली. आरतीले वाटलं माझी तब्येत बिघडली.

संध्याकाळी मात्र सूप हातात येतेच. तूर सारी तुले दिली, तर रिकामंच हलवते. आरती विचारते, "आई, काय निवडून राहिल्या?" मी म्हणते, काही नाही, तू आपलं काम कर. घर लय शांत झालं आहे. हे एकदा लिहिलं, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

दिवाळीले तिले घेऊन ये. ताट मी वाढीन. त्याच्यावरून उठून तर दाखव.

तुझी वहिनी
जमुना, सातवी पास